ओल्या कागदावरचा जलरंग

ओल्या कागदावर ओला रंग सोडण्याची पद्धत महाराष्ट्रात आली ती ब्रिटिश वळणाच्या कलाशिक्षणातून. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७चे. पण तिथे जलरंगाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्या काळात. ते स्वतः जलरंगातले चित्रकार होते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान आणि सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर याच संस्थेत शिकले. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि जलरंग थेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला.

तंत्र सगळे वेळेचे आहे. कागदावर पाण्याची चकाकी असेतो रंग पसरतो व कडा विरघळतात; आकाश, धुके, दूरचे डोंगर तेव्हाच उरकायचे. चकाकी गेली की झाडे. अर्धवट वाळलेल्या जागी पाणीदार कुंचला टेकला, तर फुलकोबीसारखे डाग उठतात. वाळल्यावर रंग फिकटतो, म्हणून सुरुवातीला तो गडदच घ्यावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवराचे काठ चितारताना ऋतूच पद्धत ठरवतो. वैशाखात कागद बघता बघता सुकतो. तेव्हा तो दोन्ही बाजूंनी भिजवणे सोयीचे. श्रावणात तो वाळतच नाही, आणि धुक्याला तेच हवे असते.