टेलिफोनची घंटा आणि कायद्याचा पहारा

दिवसभराचें काम आटोपून माणूस घरीं परततो, हातपाय धुऊन कुटुंबीयांसह जेवावयास बसतो, आणि इतक्यांत टेलिफोनची घंटा वाजते. घास हातांतच राहतो. आजारी आईची खबर असेल, परगांवच्या मुलाचा निरोप असेल, अशा शंकेनें तो धांवत जातो. पण पलीकडून एक अपरिचित आवाज विम्याची, कर्जाची किंवा गालिचे धुण्याच्या यंत्राची महती सांगूं लागतो. ही घंटा बंद करविण्याचा अधिकार घरमालकाला आहे काय? कीं बोलणाऱ्याच्या वाणीस्वातंत्र्यापुढें त्यानें निमूट बसावें? प्रश्न दिसावयास लहान, परंतु अमेरिकेंत तो न्यायालयें, विधिमंडळें व नियामक मंडळें यांच्यापुढें साठ वर्षांहून अधिक काळ घोळत राहिला. आणि तो सोडविण्यांत टिमथी म्युरिस या कायदेपंडिताचा मोठा वाटा आहे.

या वादाचें मूळ टेलिफोनच्या घंटेंत नसून दारावरच्या घंटेंत आहे. ओहायो संस्थानांतील स्ट्रदर्स हें लोखंडाच्या कारखान्यांचें गांव. युद्धकाळांत तेथील पुष्कळ कामगार रात्रपाळी करून दिवसा झोंपत. त्यांची झोंपमोड होऊं नये म्हणून पत्रकें वांटण्यासाठीं घरोघर घंटा वाजविण्यास गांवच्या नगरपालिकेनें बंदी केली. १९४३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ती बंदी रद्द केली. कोणाला दारांत उभें करावयाचें व कोणाला नाहीं, हें ज्याच्या त्याच्या घरमालकानें ठरवावें. साऱ्या गांवाच्या वतीनें नगरपालिकेनें ठरवूं नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढें १९५१ सालीं त्याच न्यायालयानें बोलावल्यावांचून दारीं येणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांवरील बंदी मात्र उचलून धरली. आणि १९७० सालीं नको असलेलें टपाल बंद करविण्याचा घरमालकाचा हक्क मान्य केला. धर्म वा राजकारण यांविषयींचें बोलणें आणि निव्वळ व्यापारी बोलणें यांत कायदा कांहीं अंतर मानतो, व घराच्या उंबरठ्यावर मालकाच्या इच्छेला वजन असतें, हीं दोन तत्त्वें अशा रीतीनें हळूहळू स्थिरावलीं.

टेलिफोननें या व्यवस्थेची घडी विस्कटली. फेरीवाल्याला दहा घरें फिरावयाचीं तर दहा जिने चढावे लागतात. संगणकानें क्रमांक फिरविणाऱ्या यंत्राला असले कसलेच श्रम नसतात. एकाच वेळीं अनेक घरांच्या घंटा वाजवाव्या, जो प्रथम उचलील त्याला विक्रेत्याशीं जोडून द्यावें, आणि उरलेल्यांच्या कानांशीं नुसती शांतता ठेवावी, असा प्रकार रूढ झाला. म्हातारी माणसें धडपडत येऊन टेलिफोन उचलीत व पलीकडे कोणीच नाहीं असें पाहून भयभीत होत.

१९९१ सालीं अमेरिकन विधिमंडळानें टेलिफोन ग्राहक संरक्षणाचा कायदा केला. देशभर एकच नकारसूची तयार करण्याची मुभा त्या कायद्यानें संघराज्याच्या दळणवळण आयोगाला दिली होती. परंतु १९९२ सालीं आयोगानें तो मार्ग न स्वीकारतां प्रत्येक कंपनीनें आपापली स्वतंत्र यादी ठेवावी असा नियम केला. परिणामीं ग्राहकाला प्रत्येक विक्रेत्याचें बोलणें एकदां तरी ऐकून घ्यावें लागे व ‘पुन्हा बोलावूं नका’ असें प्रत्येकाला निराळें बजावावें लागे. शंभर कंपन्या असतील तर शंभर वेळां नकार! १९९४ च्या दुसऱ्या कायद्यानें टेलिफोनवरील फसवणुकीचा बंदोबस्त संघराज्याच्या व्यापार आयोगाकडे सोंपविला; पण घरच्या शांततेचा प्रश्न तसाच राहिला.

म्युरिस यांचा जन्म १९४९ चा. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतून १९७४ सालीं कायद्याची पदवी घेऊन ते लागलीच व्यापार आयोगाच्या चाकरींत शिरले. १९८१ ते १९८३ या काळांत ते आयोगाच्या ग्राहकसंरक्षण शाखेचे व त्यानंतर १९८५ पर्यंत स्पर्धा शाखेचे प्रमुख होते. पुढें कांहीं वर्षें सरकारी अंदाजपत्रकाच्या कचेरींत काढून ते जॉर्ज मेसन विद्यापीठांत अध्यापन करूं लागले. सरकारनें बाजारांत फारशी ढवळाढवळ करूं नये, अशा मताचे म्हणून त्यांची ख्याति होती. २००१ सालीं ते आयोगाचे अध्यक्ष झाले तेव्हां व्यापारीवर्गाला त्यांच्यापासून भय वाटण्याचें कारण नव्हतें. परंतु त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं राष्ट्रीय नकारसूचीची योजना जाहीर केली.

यांत विसंगति दिसते, पण ती वरवरची आहे. या योजनेंत सरकार कोणाचें तोंड बंद करीत नव्हतें. ज्याला विक्रेत्याचे टेलिफोन नको असतील त्यानें स्वतः आपला क्रमांक नोंदवावा. ज्याला हवे असतील त्यानें नोंदवूं नये. दारावर ‘फेरीवाल्यांस मज्जाव’ अशी पाटी लावण्याचाच हा प्रकार होय. पाटी सरकारनें छापून दिली, ती लावणें न लावणें मालकाच्या हातीं ठेवलें. राजकीय प्रचार व पाहणी यांसाठीं होणारे टेलिफोन सूचीबाहेर राहिले. धर्मादाय संस्थांनाही तिचें बंधन नव्हतें. ज्या दुकानाशीं ग्राहकाचा अलीकडेच व्यवहार झाला असेल, त्यालाही कांहीं काळ मोकळीक होती.

२७ जून २००३ रोजीं नोंदणी सुरू झाली आणि लोक त्या सूचीवर अक्षरशः तुटून पडले. सप्टेंबरपर्यंत पांच कोटींहून अधिक क्रमांक नोंदले गेले. १ ऑक्टोबरपासून अंमल व्हावयाचा होता. टेलिफोनवरून विक्री करणाऱ्यांच्या संघटना न्यायालयांत गेल्या. या धंद्यावर पोट भरणाऱ्या माणसांच्या नोकऱ्या जातील, हें त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पगार व अडत यांसाठीं दिवसभर लोकांचे शिव्याशाप ऐकणारा तो विक्रेताही कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप होता.

२३ सप्टेंबर रोजीं ओक्लाहोमा येथील न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, अशी सूची करण्याचा अधिकार विधिमंडळानें व्यापार आयोगाला दिलेलाच नाहीं. त्यानंतर जें घडलें तें लोकमताच्या सामर्थ्याचें नमुनेदार उदाहरण आहे. दोनच दिवसांनीं, २५ तारखेला, प्रतिनिधिगृहानें ४१२ विरुद्ध ८ व सिनेटनें ९५ विरुद्ध ० मतांनीं तो अधिकार देणारा कायदा संमत केला. पण त्याच दिवशीं डेन्व्हरच्या दुसऱ्या न्यायाधीशांनीं वेगळ्याच कारणानें सूचीला हरकत घेतली. धर्मादाय संस्थेच्या टेलिफोननें घरची शांतता भंगत नाहीं आणि व्यापाऱ्याच्या टेलिफोननें भंगते, असें सरकारनें कोणत्या आधारावर ठरवावें? हा भेद वाणीस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असें त्यांचें मत पडलें. हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. अधिकाराची उणीव विधिमंडळ भरून काढूं शकत होतें. राज्यघटनेचा प्रश्न मतमोजणीनें सुटणारा नव्हता.

७ ऑक्टोबर रोजीं वरिष्ठ न्यायालयानें त्या निर्णयाला स्थगिति दिली व १७ फेब्रुवारी २००४ रोजीं सूची घटनेशीं सुसंगत ठरविली. निवड सरकारची नसून नागरिकाची आहे, हाच त्या निकालाचा कणा होता. स्ट्रदर्सच्या दारावरील घंटेपासून निघालेला विचार एकसष्ट वर्षांनीं टेलिफोनच्या घंटेपर्यंत येऊन पोंचला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें या प्रकरणांत हात घालण्याचें नाकारलें. तत्पूर्वींच म्युरिस आयोगांतून निवृत्त होऊन पुन्हा अध्यापन व वकिली यांकडे वळले होते.

या नियमांमधून वकिलीची एक नवी शाखा उदयास आली. विक्रेत्या कंपन्यांना सूची वेळोवेळीं तपासून पाहणें, नोकरांना शिकविणें, सकाळीं ८ पूर्वीं व रात्रीं ९ नंतर घंटा न वाजविणें, संमतीचे लेख जपून ठेवणें हें सारें समजावून सांगणारे वकील लागूं लागले. चुकणाऱ्याला भुर्दंडही भारी असे. १९९१ च्या कायद्यान्वयें एकेका गैर टेलिफोनबद्दल ५०० डॉलर, व जाणूनबुजून केल्यास त्याच्या तिपटीपर्यंत रक्कम मागतां येते. २०१७ सालीं डिश नेटवर्क या कंपनीवर २८ कोटी डॉलरांचा हुकूमनामा झाला. अपिलानंतर २०२० सालीं तें प्रकरण २१ कोटींवर मिटलें.

हिंदुस्थानांतही हाच प्रश्न एका वकिलानें २००५ सालीं जनहितार्थ सर्वोच्च न्यायालयापुढें नेला. २००७ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें नको असलेल्या व्यापारी संदेशांविषयीं नियम केले व राष्ट्रीय नकारसूची अस्तित्वांत आली. २०१० व २०१८ सालीं ते नियम बदलून अधिक कडक करण्यांत आले. मुंबई-पुण्याच्या घरांत १९०९ या क्रमांकावर जी नोंदणी होते, ती याच व्यवस्थेचा भाग आहे.

एवढें होऊनही घंटा वाजतेच, हें खरें. सूचीचें बंधन पाळतो तो प्रामाणिक व्यापारी. लुच्चा मनुष्य समुद्रापलीकडून, खोटा क्रमांक दाखवून, कवडीमोलानें लाखों टेलिफोन करतो. त्याला आळा घालण्यासाठीं अमेरिकेनें २०१९ च्या अखेरीस नवा कायदा करून क्रमांकाची सत्यता पडताळण्याचें काम टेलिफोन कंपन्यांच्या गळ्यांत घातलें. यावरून नकारसूची व्यर्थ गेली असें मात्र म्हणतां येत नाहीं. दारावर पाटी लावल्यानें चोर थांबत नाहीं, म्हणून पाटी काढून टाकावी असें कोणी म्हणत नाहीं. सभ्य माणसाला उंबरठा कोठें आहे तें कळावें, एवढ्यासाठीं ती असते. चोरासाठीं कुलूप निराळें लागतें. तें कुलूप घडविण्याचें काम अद्यापि चालूं आहे.