एक्स-रे काढणारा चित्रकार आणि लोकलमधली माणसं

आज एका सोप्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या पनवेलमध्ये माणसाचं चित्र सगळ्यात जास्त कुठे दिसतं?

बॅनरवर. वाढदिवसाच्या. मध्ये भला मोठा फोटो, डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे, पंधरा-वीस तरी. दुसरं ठिकाण म्हणजे बिल्डरची होर्डिंग्ज. तिथेही माणसं असतात बरं का! गोरी, सडपातळ, हसरी. एक बाई, एक बाप्या, मध्ये फुगा धरलेलं पोर. ही मंडळी कुठल्या गावची असतात देव जाणे, पनवेल स्टेशनला तर कधी दिसली नाहीत.

आता त्या होर्डिंगखाली उभा असलेला माणूस बघा. पाठीवर सॅक, हातात मोबाइल, रिक्षाच्या लायनीत ताटकळलेला. त्याचं चित्र कोणी काढलंय का? फोटो नव्हे, सेल्फी नव्हे. चित्र. तैलरंगातलं, मोठ्या कॅनव्हासवर, ज्यात तोच हिरो आहे असं.

काढलंय की. आणि ज्यांनी काढलं ते आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावरचे, ठाण्याचे. पेशाने डॉक्टर. नाव सुधीर पटवर्धन. आजचा भाग त्यांच्याबद्दल आहे, म्हणजे खरं तर आपल्याकडच्या चित्रांतून माणूस थोडा मागे कसा सरकला आणि परत पुढे कसा आला, त्याबद्दल.

पण आधी थोडं मागे जाऊ.

मुंबईतलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं 1857 साली. इंग्रजांची शाळा, त्यामुळे शिकवण्याची पद्धतही त्यांचीच. पोरांसमोर ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती ठेवायच्या आणि त्या बघून शरीर काढायला शिकायचं. म्हणजे गिरगावातला किंवा कोकणातला मुलगा माणसाचं अंग शिकणार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या देवांवरून. गंमत वाटते, पण यातूनच काही जबरदस्त हात तयार झाले.

त्यातला एक आपल्याच रायगड जिल्ह्यातला. अलिबाग तालुक्यात, मांडव्याजवळ सासवने नावाचं गाव आहे. तिथे 1891 साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. नानासाहेब करमरकर. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ऑटो रॉथफिल्ड नावाच्या गोऱ्या कलेक्टरच्या ते नजरेस पडलं आणि त्याने पोराला जे. जे.ला धाडलं. पुढे हेच करमरकर मोठे शिल्पकार झाले. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा त्यांचाच. पण मला विचाराल तर त्यांचं खरं काम सासवन्याच्या घरी आहे. तिथे आता संग्रहालय आहे. पुतळा म्हणजे राजा-महाराजाचा, हा तो काळ. आणि या माणसाने गावातली, किनाऱ्यावरची साधी माणसं घडवली, तीही पुष्कळदा साध्या सिमेंटमध्ये. मांडव्याला बोटीने उतरून थेट बीच गाठणाऱ्यांनी एकदा वाट वाकडी करून हे बघाच.

करमरकरांच्या नात्यातलाच पुढच्या पिढीचा एक मुलगा, जन्म 1936, गाव नागाव. हो, तेच अलिबागजवळचं नागाव, जिथे आपण वीकेंडला जातो. प्रभाकर बरवे. तेही चित्रकार झाले, आणि एवढे मोठे की आज त्यांच्यावाचून भारतीय आधुनिक चित्रकलेबद्दल बोलताच येत नाही. पण त्यांच्या चित्रांत गेलात तर काय दिसतं? घड्याळं, पानं, शिंपले, अक्षरं. भरपूर मोकळी जागा. माणूस फारसा नाही. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘कोरा कॅनव्हास’. 1990 साली आलं, मराठीत चित्रकलेवर लिहिलेल्या फार थोड्या चांगल्या पुस्तकांपैकी एक.

बघा ना, एकाच तालुक्यात, दोन पिढ्यांत केवढा फरक! एकाने माणसं घडवली, दुसऱ्याने चित्र जवळजवळ रिकामं केलं.

हे एकट्या बरव्यांचं नव्हतं. 1960 च्या आसपास मुंबईत अमूर्त चित्रकलेला मोठा मान होता. अमूर्त म्हणजे ज्यात ओळखीची आकृती नाही, नुसते रंग, आकार, पोत. वासुदेव गायतोंड्यांसारखा मराठी जाणणारा गोमंतकीय माणूस त्यात शिखरावर होता. माणूस अगदी हद्दपार झाला होता असंही नाही. हुसेन होते, सूझा होते, तय्यब मेहता होते. पण त्यांच्या चित्रातला माणूस बहुतेक वेळा प्रतीक असायचा. दुःखाचं, फाळणीचं, पुराणकथेचं. सकाळी 7:40 ची गाडी पकडणारा माणूस तो नव्हता.

आणि इथे आपले डॉक्टर येतात.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म 1949 चा, पुण्याचा. 1972 साली पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. चित्रकलेची शाळा? गेलेच नाहीत. जे काही शिकले ते स्वतःच, पुस्तकं आणि चित्रं बघून. सेझान आवडायचा, लेजे आवडायचा. 1975 पासून ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस, ती थेट 2005 पर्यंत. तीस वर्षं! दिवसा एक्स-रे, बाकीच्या वेळात चित्रं.

आता जरा थांबून विचार करा, की जे. जे.चा विद्यार्थी शरीर शिकतो ते प्लास्टरच्या अपोलोवरून. मेडिकलचा विद्यार्थी शरीर शिकतो ते टेबलावरच्या प्रेतावरून. आणि रेडिओलॉजिस्टसमोर तर रोज जिवंत माणूस येतो, शर्ट काढतो, थंड प्लेटला छाती टेकवतो. श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा. झालं. माणूस घाबरलेला असतो, त्याच्या छातीत काय आहे ते त्याला माहीत नसतं, आणि समोरच्याला दोन मिनिटांत कळणार असतं. यापेक्षा उघडा माणूस दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

शिवाय ठाणं. तेव्हाचं ठाणं म्हणजे कारखान्यांचं गाव. ठाणे-बेलापूर पट्टा, जिथून आपली ट्रान्स-हार्बर आज जाते, तुर्भे, रबाळे, ऐरोली, तो सगळा एमआयडीसीचा. शिफ्ट सुटली की माणसांचे लोंढे. हीच माणसं डॉक्टरांच्या कॅनव्हासवर आली. 1977 चं ‘इराणी रेस्टॉरंट’, 1980 चं ‘ट्रेन’, 1981 चं ‘ओव्हरब्रिज’. नावंच बघा. कुठेही ‘मानवतेचा आक्रोश’ वगैरे नाही. इराणी हॉटेल, गाडी, पूल. संपलं.

यातले देह कसे आहेत? जड. भरीव. पैलवानासारखे पिळदार नव्हेत. दिवसभर उभं राहून थकलेलं अंग जसं जड होतं, तसे. देखणे म्हणाल तर नाहीत, पण त्यांची कीव करावी असंही वाटत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. गरीब माणसाचं चित्र काढायचं म्हटलं की दोन खड्डे ठरलेले असतात. एक, त्याला बिच्चारा करायचं, म्हणजे बघणाऱ्याला रडू येईल. दोन, त्याला मुठी आवळलेला क्रांतिकारक करायचं, पोस्टरवरचा. पटवर्धन स्वतः तरुणपणी डाव्या विचारांचे, मार्क्सवादाचा प्रभाव असलेले. म्हणजे दुसऱ्या खड्ड्यात पडायची पूर्ण सोय होती. तरी चित्रातला माणूस माणूसच राहिला, कंटाळलेला, विचारात हरवलेला.

मग 1981. हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी मुंबई आणि दिल्लीत एक प्रदर्शन झालं, ‘प्लेस फॉर पीपल’. माणसांसाठी जागा! सहा चित्रकार होते: भूपेन खक्कर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आपले पटवर्धन. सोबत समीक्षक गीता कपूर यांचा एक लांबलचक निबंध होता, मानवाकृतीबद्दलच. आणि त्याच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं होतं की ही मतं पक्षपाती आहेत, आम्ही बाजू घेतली आहे. कोणाची बाजू? चित्रात माणूस असावा, त्याला गाव असावं, गोष्ट असावी, या म्हणण्याची.

या सहा जणांत आणखी एक मजा होती. एक ठाण्याचा रेडिओलॉजिस्ट आणि एक बडोद्याचा अकाउंटंट. भूपेन खक्कर मूळचे मुंबईचेच, आणि सीए. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे त्यांचं गाजलेलं चित्र त्याच 1981 मधलं. गॅलरीत एक नागडा माणूस उभा आहे आणि खाली बाप, पोर आणि गाढवाची ती जुनी गोष्ट चाललीय. सगळ्यांना खूश करता येत नाही, ती गोष्ट. खक्कर समलैंगिक होते, आणि पुढे त्यांनी ते कॅनव्हासवर उघडपणे आणलं. त्या काळात! आज हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. म्हणजे ‘माणसाला जागा’ हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं, पण कुठल्या माणसाला जागा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. कामगाराला? बाईला? समलिंगी माणसाला?

पटवर्धनांनी कामगाराला दिली. आणि झालं काय, तर 18 जानेवारी 1982 ला, प्रदर्शनानंतर अवघ्या काही आठवड्यांत, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार. तो संप कधी नीट संपलाच नाही, गिरण्याच संपल्या. ज्या माणसाला चित्राच्या मध्यभागी आणून बसवलं, तोच शहराच्या मध्यातून बाहेर ढकलला जाऊ लागला. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा, बाबा लालबाग-परळ सोडून डोंबिवलीला, नवी मुंबईला, आपल्या पनवेलला आले असतील.

चित्रंही बदलली. 1984 च्या ‘टाउन’सारख्या चित्रांत माणूस लहान झाला आणि आजूबाजूचं गाव मोठं. मग 1992-93 च्या दंगली आल्या. इथे चित्रकाराची खरी पंचाईत होते. कारण इतकी वर्षं ज्या गर्दीवर तुम्ही विश्वास टाकला, ज्या सामान्य माणसाला हिरो केलं, त्याच गर्दीतून कोणीतरी शेजाऱ्याचं घर जाळायला निघालं. आता काय काढायचं? पटवर्धनांनी 1996 साली ‘रायट’ नावाचं चित्र काढलं. तेच शहर, तोच रस्त्यावरचा माणूस, पण आता त्याची भीती वाटते. सोपं होतं की विषय टाळावा, फुलं काढावीत. त्यांनी टाळला नाही, आणि जुन्या विश्वासाची मोडतोड स्वतःच्याच कॅनव्हासवर होऊ दिली. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे, 1981 पेक्षाही जास्त.

2001 मध्ये ‘लोअर परळ’ आणि ‘उल्हासनगर’ आली. एकाच कॅनव्हासवर शहर चारही बाजूंनी उलगडलेलं, आणि त्यात इकडेतिकडे माणसं. 2014 मध्ये ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’, सात भागांचं प्रचंड चित्र.

आता मूळ मुद्द्यावर येतो, जो या सगळ्याच्या बुडाशी आहे. पटवर्धनांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की ज्या लोकांमुळे ही चित्रं झाली, त्यांना त्यात स्वतःचं रूप दिसावं. छान. पण चित्र टांगलं जातं काळा घोड्याला, विकत घेतो कोणी संग्राहक. रबाळ्याच्या शिफ्टमधला माणूस ते बघणार कधी? मध्यमवर्गीय डॉक्टर कामगाराकडे बघतो, आणि श्रीमंत माणूस ते बघणं विकत घेतो. हा टोमणा नाही, ही खरी अडचण आहे, आणि पटवर्धनांना ती टोचत होती असं दिसतं. कारण 2008-09 च्या सुमारास त्यांनी स्वतःचं काम बाजूला ठेवून ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं एक फिरतं प्रदर्शन तयार केलं. समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ कामं, प्रिंट नव्हे, मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहरांत नेली. एवढी किमती चित्रं ट्रकमधून गावोगाव न्यायची म्हणजे विमा, बंदोबस्त, हॉलची व्यवस्था, सगळाच ताप. मोठ्या संस्थांनी करायचं काम एका चित्रकाराने अंगावर घेतलं.

2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, एनजीएमएमध्ये, एक योग जुळून आला. वर्षाच्या सुरुवातीला तिथे बरव्यांचं मोठं प्रदर्शन होतं. आणि नोव्हेंबरअखेर त्याच इमारतीत पटवर्धनांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं, नॅन्सी अदजानिया यांनी मांडलेलं, ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’. आधी नागावचा जवळजवळ रिकामा कॅनव्हास, मग ठाण्याचा खच्चून भरलेला.

तर पनवेलवरून सीएसएमटी लोकल धरा, सव्वा-दीड तासाचा प्रवास. तिथून काळा घोडा चालत पंधरा-वीस मिनिटं. जहांगीरला तिकीट नाही, बूट कुठले घातलेत ते कोणी बघत नाही, इंग्रजीही बोलावं लागत नाही. एनजीएमएला नाममात्र तिकीट आहे. जाताना गाडीत मोबाइल दहा मिनिटं खिशात ठेवा आणि समोरच्या सीटवरच्या माणसाचे हात बघा. टक लावून नको हं, मार खाल!

पुढच्या भागात सासवन्याला जाऊ, करमरकरांच्या घरी. तोवर भेटू, ऐकत राहा.