मेलमध्ये हरवलेली अक्षरं : मराठी, उर्दू आणि कचेरीतला जुना संगणक

चौलचा इतिहास म्हटला की आपली गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबते. बंदर, निजामशाही, पोर्तुगीज, रेवदंड्याचा कोट. आज मी थोड्या वेगळ्या इतिहासाबद्दल लिहिणार आहे. कचेऱ्यांमधले जुने संगणक, त्यांची मेल वाहून नेणारे सर्व्हर आणि त्या वाहतुकीत आपल्या दोन भाषांचं काय झालं, याबद्दल. भाषा शिकवणाऱ्या माणसाचा यात काय संबंध, असं कुणी विचारील. मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही. या दोन्ही लिप्यांना संगणकाच्या दारात किती वर्षं ताटकळावं लागलं, हे माझ्या पिढीने पाहिलेलं आहे.

सुरुवात मुंबईतल्या जुहूपासून करावी लागेल. तिथे एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, ही संस्था १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून वेगळी होऊन उभी राहिली. संचालक होते श्रीनिवासन रमाणी. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू केला, आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या ईमेल जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात, साध्या टेलिफोन लाइनवरून गेल्या. परदेशाशी होणाऱ्या देवाणघेवाणीचा दरवाजाही जुहूलाच होता. डॉट-इन हे आपलं नाव १९८९ साली नोंदवलं गेलं, तेही याच संस्थेकडे.

त्या काळची मेल आजच्यासारखी क्षणात पोहोचत नसे. यूयूसीपी नावाची पद्धत होती. पत्र लिहिलं की ते आपल्या संगणकाच्या एका फोल्डरमध्ये पडून राही. ठरलेल्या वेळी, शक्यतो फोन स्वस्त असेल तेव्हा रात्री, एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रं देई, तिकडची घेई आणि फोन ठेवी. वाटेत तीन यंत्रं असतील तर तीन मुक्काम. पत्त्यातच सगळा रस्ता लिहायचा : अमुक यंत्र, मग तमुक यंत्र, मग माणूस, आणि प्रत्येक नावामध्ये एक उद्गारचिन्ह. एखादा मुक्काम बंद असला की पत्र तिथेच तुंबे.

चौलच्या माणसाला यात नवल वाटू नये. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की पत्र आणि माल दोन्ही बंदरात थांबत, वारा फिरला की निघत. अल्-मसऊदी हा अरब प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास इथे आला. आपल्या गावाला तो सैमूर म्हणतो. इथल्या मुसलमानांचा कारभार पाहायला राजाने नेमलेल्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत, असं त्याने नोंदवलं आहे. हा शब्द फारसी ‘हुनरमंद’वरून आला असं अभ्यासक मानतात. सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर या लांबलचक पदाला हुनरमन हा शब्द मला तरी चालला असता.

आणि हुनर लागायचाच. मेल कुठून कुठे वळवायची हे सांगणारी सेंडमेल या प्रोग्रामची सेटिंगची फाइल उघडली तर कुणी कीबोर्डवर कोपर टेकवलं आहे असं वाटावं. तारका, डॉलरची चिन्हं, कंस. ती फाइल वाचता येणारी माणसं मोजकीच, आणि तो माणूस रजेवर गेला की अख्ख्या संस्थेचा पत्रव्यवहार जिवावर उदार.

आता मुद्द्यावर येतो. मेलचे मूळ नियम १९८२ साली अमेरिकेत ठरले ते इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून. प्रत्येक अक्षराला सात बिट, म्हणजे एकूण १२८ खुणा. आठवा बिट आला तर वाटेतलं यंत्र तो बेधडक पुसून टाकू शके, आणि ते नियमबाह्यही नव्हतं. याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं कोष्टक तयार होत होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम पुढे पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने पुढे नेलं. साध्या पीसीमध्ये जिस्टचं एक कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हे कोष्टक प्रमाण केलं. पहिल्या १२८ जागा इंग्रजीला, भारतीय अक्षरं त्यांच्या वर. म्हणजे आपलं प्रत्येक अक्षर नेमकं त्या आठव्या बिटाच्या आधारावर उभं!

परिणाम काय होई ते आपल्याच गावाच्या नावावर पाहा. इस्कीमध्ये ‘च’ची खूण १८४. आठवा बिट पुसला की १२८ वजा होतात, उरतात ५६, आणि ५६ म्हणजे इंग्रजी आठचा आकडा. ‘औ’च्या मात्रेचा होतो छोटा एफ आणि ‘ल’चा मोठा क्यू. पाठवलं ‘चौल’, पोहोचलं ‘आठ एफ क्यू’. चूक ना पाठवणाऱ्याची, ना घेणाऱ्याची. यावर उपाय होते. यूयूएनकोड करून फाइल सात बिटांत कोंबायची आणि पलीकडे पुन्हा उलगडायची. १९९२ मध्ये माइम नावाचे नवे नियम आले आणि पत्राबरोबर ते कोणत्या लिपीत आहे हे सांगण्याची सोय झाली. पण सोय होणं वेगळं आणि कचेरीतल्या संगणकात ती नीट बसवणं वेगळं.

उर्दूची गोष्ट आणखी पुढची. इस्कीचा विचार मुळात सुंदर होता : ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांना एकच कोष्टक, त्यामुळे मराठी मजकूर बटण दाबून गुजराती किंवा तेलुगू लिपीत दिसू शके. त्यात उर्दू नव्हती. काहीजण यात दुजाभाव शोधतात, मला ते पटत नाही. उजवीकडून डावीकडे जाणारी, स्वरचिन्हं बहुधा न लिहिणारी लिपी त्या चौकटीत बसणारच नव्हती. तिच्यासाठी पास्की हे वेगळं कोष्टक करावं लागलं आणि सी-डॅकनेच नस्तालीकसाठी ‘नाशिर’ हे सॉफ्टवेअर काढलं. मात्र वेगळं कोष्टक म्हणजे वेगळी रांग, आणि वेगळ्या रांगेला नेहमी उशीर होतो, हेही तितकंच खरं.

नस्तालीकची अडचण कोष्टकापेक्षा मोठी होती. अक्षरं एका रेषेत न बसता तिरकी उतरतात, शेजारी बदलला की रूप बदलतं. कराचीचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी जोडअक्षरांची अठरा-वीस हजार रूपं हाताने लिहिली आणि मोनोटाइप कंपनीने त्यांचा नूरी नस्तालीक केला. १९८१ मध्ये लाहोरचा ‘जंग’ त्यात निघाला. पुढे १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या कंपनीचं इनपेज आलं आणि उर्दू छापखान्यांतल्या कातिबांचं काम पीसीवर गेलं. छपाई सुटली, मेल मात्र सुटली नाही. इनपेजची फाइल फक्त इनपेजच वाचे. म्हणून उर्दू मजकूर चित्र करून पाठवायचा. उर्दू वर्तमानपत्रांची संकेतस्थळं कितीतरी वर्षं अशी चित्रांचीच होती. ना शोधता येई, ना उतरवून घेता येई.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. मुंबईच्या ग्राहकांच्या पत्त्यात जीआयएएसबीएम-०१ असं यंत्राचं नाव येई, त्यातला बीएम म्हणजे बॉम्बे. त्याच वर्षी शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झालं, सर्व्हरला ते कुणी कळवलं नाही! ही मेल बहुतेक जण रोमन लिपीतच लिहीत. ‘मी ठीक आहे’ इंग्रजी अक्षरांत लिहिणारी मराठी आणि ‘खैरियत’ इंग्रजी अक्षरांत लिहिणारी उर्दू, दोघी तिथे एकाच बाकावर बसल्या. आज मुलं मोबाइलवर रोमनमध्ये लिहितात म्हणून आपण रागावतो, पण ती सवय त्यांनी लावलेली नाही.

कचेऱ्यांत तोवर फाँटांचं राज्य आलं होतं. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, कळांची मांडणी वेगळी, काहींना संगणकाच्या मागे लावायचं डोंगल. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘का’ हा संगणकाच्या लेखी ‘डी के’ असतो, फक्त त्यावर देवनागरीचा मुखवटा असतो. मेलमधून गेला की मुखवटा गळून पडतो.

सुटका केली ती युनिकोडने. त्यातलं देवनागरी कोष्टक इस्कीवरूनच घेतलेलं आहे, आणि अरबी-फारसी लिपी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून, त्याच रांगेत आहे. विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फाँट आला. तो काढणारे अक्षरकार र. कृ. जोशी आयआयटीतून निवृत्त झाल्यावर ज्या संस्थेत काम करत होते ती संस्था म्हणजे जुहूची एनसीएसटीच. एक्सपीमध्ये मराठी चालू करायला सेटिंगमध्ये एका चौकोनात बरोबरची खूण करावी लागे आणि मग यंत्र विंडोजची सीडी मागे. गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्या, दोन्हींसाठी तो एकच चौकोन. मराठीसाठी खूण केली की उर्दूही आपोआप आत! नस्तालीक मात्र विंडोजमध्ये २०१२ साली, आठव्या आवृत्तीबरोबर आला, तोवर उर्दू अरबी नस्ख वळणातच वाचावी लागली.

मागच्या उन्हाळ्यात एका शाळेच्या कचेरीतला जुना पीसी पाहायला मला बोलावलं होतं. मेल पॉप पद्धतीने उतरवलेली, म्हणजे सर्व्हरवरून काढून फक्त त्याच यंत्रात ठेवलेली. आउटलुकची फाइल दोन गिगाबाइटला टेकली आणि उघडेनाशी झाली. बारा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका फाइलमध्ये. दुरुस्तीच्या प्रोग्रामने बराचसा बाहेर आला. मराठी पत्रं परिवर्तकातून युनिकोडमध्ये नेली, रफार आणि पहिली वेलांटी तेवढी हाताने नीट केली. उर्दू पत्रं चित्रंच होती, ती पुन्हा टाइप करायला घेतली आहेत. टाइप करताना कीबोर्ड उर्दूचाच निवडला आहे ना, हे रोज तपासावं लागतं. अरबी कीबोर्डचा ‘ये’ आणि उर्दूचा ‘ये’ शब्दाच्या मध्ये अगदी सारखे दिसतात, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. एकाने ‘ज़ैनब’ अरबी ‘ये’ने नोंदवली आणि दुसऱ्याने उर्दू ‘ये’ने शोधली, तर मुलगी यादीत असूनही संगणक ती नाही म्हणून सांगतो. पहिली ते चौथीची नोंदवही आम्ही आतापर्यंत अशी तपासली आहे, पाचवीपासून पुढची बाकी आहे.