उन्हातला चेहरा: फोटो कुठे कापायचा आणि रंग किती बदलायचे?

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की फोटोची शोधाशोध सुरू होते. मग लग्नातल्या एखाद्या ग्रुप फोटोतून चेहरा कापला जातो, मागे निळं आकाश येतं, अंगावर कधीच न घातलेला कोट चढतो आणि रंग चांगलाच उजळ होतो. दशक्रियेच्या फ्लेक्सवरचं माणूस नातवंडांनाही परकं वाटतं. हे टाळायला महागडा कॅमेरा लागत नाही. साधा मोबाइल आणि घराची ओसरी पुरते.

जुन्नर तालुक्यातलं बोरी बुद्रुक घ्या. कुकडीकाठच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे भूशास्त्रज्ञांना हे गाव माहीत आहे, पण आपलं काम आहे तिथल्या उन्हाशी. गाव साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाची ओठांवर. डिसेंबरअखेर तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो, म्हणून हिवाळ्यातलं ऊन चेहऱ्याला जास्त मानवतं. तरी उघड्या उन्हात डोळे बारीक होतातच. त्यापेक्षा आजोबांना ओसरीच्या कडेला, सावलीत, अंगणाकडे तोंड करून बसवा. समोरचा उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे पांढरी टोपी आणि पांढरा सदरा. कॅमेरा सगळं दृश्य मध्यम उजेडाचं धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की तो फोटो गडद करतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वाढवला, तर टोपीची घडी पांढऱ्या डागात विरघळते. दोन्ही सावलीत असतील तर हा फरक पुष्कळ कमी होतो. मग उजेड टोपीच्या मानाने ठरवा आणि चेहरा नंतर थोडा उजळा. गडद भाग बऱ्याच अंशी सुधारता येतो, जळालेला पांढरा भाग परत येत नाही.

रंग आजूबाजूनेही येतो. हिरव्या पिकाजवळ उभं केलं तर हनुवटीखाली हिरवट झाक येते, निळ्या रंगवलेल्या भिंतीपाशी गाल निळसर दिसतो. निरभ्र आकाशाखालची सावली मुळातच निळसर असते आणि संध्याकाळचं ऊन पिवळं. ही झाक काढणं ही दुरुस्ती झाली. कातडीचा रंगच बदलणं वेगळं. रंगीत फिल्मच्या काळात अनेक प्रयोगशाळा गोऱ्या स्त्रीचा चेहरा असलेल्या ‘शर्ली कार्ड’वरून रंग जुळवत, आणि सावळी त्वचा त्यात नीट उतरत नसे. आता फिल्म गेली, पण ब्युटी फिल्टर तेच काम करतो, शिवाय सुरकुत्याही पुसतो. पंचाहत्तरीच्या बाईच्या सुरकुत्या पुसल्यावर उरतं काय? फोटो घेण्याआधी तो फिल्टर बंद आहे ना, हे पाहा.

आता कात्री. मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर फोटो कापला की अवयव तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापलेलं खटकत नाही. नजर ज्या बाजूला आहे, तिकडे थोडी जागा सोडा. डीपी गोल दिसतो, म्हणून टोपीच्या वरही मोकळं ठेवा.

किती कापायचं, हा मात्र मताचा प्रश्न आहे. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या पुस्तकाचं नावच ‘चेहरे’. तिथे नजर चेहऱ्यावर खिळते. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ पाहिलं तर कलावंताभोवतीचं जगणंही फोटोत हवं, हे पटतं. बोरीशेजारचं नारायणगाव तर तमाशाची पंढरीच. गावाकडच्या माणसाच्या फोटोत मी हात कधी कापणार नाही. चेहऱ्याइतकंच आयुष्य त्या तळव्यांवर असतं.

शिवाय कापण्याची किंमत असते. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली तर ३ मेगापिक्सेलच उरतात. त्यातून साधारण सात बाय पाच इंचांची स्वच्छ छपाई निघते, भिंतीवरची मोठी तसबीर नाही. म्हणून जरा जवळ जाऊन फोटो घ्या, प्रत काढून तीच कापा, आणि मूळ फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.