गिरणगाव ते कुणकेश्वर : लकव्यानंतरच्या पावलांचा इतिहास

विषय कळला तेव्हा काहींनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानात लकवा कुठून आला? प्रश्न रास्त आहे. विजयदुर्ग, देवगड, आरमार यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा चांगलं बोलतात. आम्हांला आज एका पायाबद्दल बोलायचं आहे. अर्धांगवायू होऊन गेल्यावर माणूस वाचतो, आणि मग जो लुळा पाय उरतो, त्या पायाबद्दल. तो पुन्हा चालता होऊ शकतो आणि त्यासाठी रोज, मोजून, भरपूर मेहनत करून घ्यावी लागते, ही कल्पना तशी अलीकडची आहे. ती कुठून आली, मुंबईत कशी रुजली आणि कुणकेश्वराच्या वाटेवर कुठे अडली, एवढाच आजचा विषय.

आधी अडचण समजून घेऊ. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि शरीराच्या उलट बाजूचा हात-पाय जातो. आपल्याकडे म्हणतात, "पायात जोर नाय." खरं तर पायाचा स्नायू धड असतो, त्याला हुकूम पोचत नाही. मांडी पुष्कळदा थोडीफार परत येते, पण घोट्यातून पाऊल वर उचललं जात नाही. बोटं खाली लोंबतात, जमिनीला घासतात. मग माणूस कमरेतून पाय बाहेर फेकतो आणि अर्धवर्तुळ काढत चालतो. हे चालणं तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर हे चालून जातं. आपल्याकडे काय आहे? खळं, खळ्यावरून पडवीची पायरी, मग उंबरठा, बाहेर चिऱ्यांची पाखाडी आणि खाली पुळणीची वाळू. ज्याचं पाऊल दोन बोटं उचलत नाही त्याला उंबरठा म्हणजे गडच. बाई असेल तर विहीर सुटते, बागायतदार असेल तर कलमं सुटतात. म्हणून आम्ही म्हणतो की इथे पायाचा प्रश्न हा माणूस घरात किती उरतो याचा प्रश्न आहे.

हा रोग जुना आहे. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात पक्षवधाचं वर्णन आहे, आणि उपचारांत स्नेहन, स्वेदन, विरेचन येतं. तेल आणि शेक ही परंपरा तिथपासून आजच्या मालीशवाल्यापर्यंत चालत आलेली आहे. त्यात लोकांनी आपली भर घातली. कबुतराचं रक्त चोळण्यापर्यंत मजल गेली, त्याबद्दल न बोललेलंच बरं. मालीश वाईट असं आम्ही म्हणत नाही. आखडलेल्या अंगाला बरं वाटतं, आणि कुणीतरी हात लावतंय याचंही मोल असतं. पण मालीशमध्ये घाम कोणाला येतो ते पाहा. चोळणारा घामाघूम होतो आणि आजारी माणूस पडून राहतो. नव्या उपचारानं नेमकं हेच उलटं केलं.

हे उलटं व्हायला फार वेळ लागला. मेंदूची पेशी एकदा गेली की गेली, ही समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अगदी पक्की होती. इंग्लंडमध्ये १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडांच्या हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या. माकडांनी तो हात वापरणंच सोडलं. निष्कर्ष निघाला की संवेदना नाही तर हालचाल नाही. पुढे साठेक वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड टाउब यांनी तसाच प्रयोग केला, पण त्यांनी माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. तेव्हा मेलेला समजलेला हात कामाला लागला. म्हणजे हात गेलेला नव्हता. सुरुवातीला जमेना म्हणून माकडानं तो न वापरायची सवय लावून घेतली होती. याच टाउबांच्या प्रयोगशाळेवर १९८१ मध्ये प्राण्यांच्या छळावरून मोठा गदारोळ झाला, आणि तो वृथा होता असं आम्ही म्हणणार नाही. पण माणसांवरच्या नव्या उपचाराचं एक मूळ तिथे आहे. हाताच्या बाबतीत चांगला हात बांधता येतो. पायाचं तसं नाही, चांगला पाय बांधला तर माणूस पडेल. म्हणून पायाला एकच रस्ता उरला, सरावाचं प्रमाण वाढवायचं.

आता आपल्या राज्यात या. इथे पुनर्वसन आलं ते लकव्यासाठी आलंच नाही, ते लढाईमुळे आलं. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती पुढे खडकीत होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. सैनिक तरुण होते, त्यांना परत उभं करण्यात सरकारला कारण दिसत होतं.

मग पोलिओ. फातिमा इस्माइल हे नाव आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या तिला घेऊन मद्रासच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेल्या आणि तिथे महिनोन्‌महिने रोजचा व्यायाम चालला. परत आल्यावर त्यांना दिसलं की मुंबईत इतर आयांना जायला जागाच नाही. १९४७ मध्ये त्यांनी अपंग मुलांसाठी संस्था उभी केली, हाजी अलीचं मुलांचं रुग्णालय त्याच कामातून आलं. त्या पुढे राज्यसभेवर गेल्या, त्यांना पद्मश्री मिळाली. पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती मद्रासची ती चिकाटी. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, रोज तेच तेच करून घ्यायचं.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना असा तिघांचा तो उद्योग होता. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन सुरू झाली. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. केईएम कुठे? परळला, ऐन गिरणगावात. तिथल्या चाळींत आपल्या गावांच्या खोल्या होत्या, पाळीपाळीनं झोपणारे आपले चाकरमानी होते. त्यांना लकवा झाला तर ते चालत जाण्याच्या अंतरावर देशातलं उत्तम शिक्षण घेतलेली माणसं होती. हा योगायोग आहे, पण मोठा योगायोग आहे. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, पुष्कळ माणसं गावी परतली आणि गावीच म्हातारी झाली. लकव्याचं वय आलं तेव्हा ती परळपासून रात्रभराच्या प्रवासावर होती. इतिहासात अशी चुकामूक फार वेळा होते.

रोगाचा आवाका केवढा? मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. प्र. म. दलाल यांच्या पुढाकारानं दीड लाखांवर वस्तीच्या एका भागात दोन वर्षं नोंद ठेवली गेली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ लोक निघाले, म्हणजे वर्षाला लाखामागे सुमारे १४५.

लकव्याच्या रुग्णाला मोजून मेहनत द्यायची, हे पटायला १९९० चं दशक उजाडलं. नेदरलँड्समध्ये क्वाक्कल आणि सहकाऱ्यांनी १०१ रुग्ण घेतले. एका गटाला पायाचा जादा सराव, दुसऱ्याला हाताचा, तिसऱ्याचे हातपाय नुसते हवेच्या पट्ट्यात धरून ठेवायचे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, वीस आठवडे. १९९९ मध्ये निकाल छापला. पायाचा सराव केलेले चालण्यात तर पुढे गेलेच, रोजच्या कामांतही तिसऱ्या गटाच्या पुढे गेले. दहा वर्षांनी अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी साधी गोष्ट केली, उपचाराच्या वेळी नुसतं बसून मोजलं. एका बैठकीत रुग्ण सरासरी ३५७ पावलं टाकत होता. प्राण्यांच्या प्रयोगांत हजाराच्या घरात टाकून घेतात. म्हणजे उपचार चालू आहे असं सगळे समजत होते, आणि मात्रा निम्मीसुद्धा नव्हती.

मात्र "जास्त ते चांगलं" असं सरळ गणितही नाही. २०१५ मध्ये अ‍ॅव्हर्ट या चाचणीत २१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत उठवून वारंवार उभं केलं. तीन महिन्यांनी त्यांचीच स्थिती किंचित वाईट निघाली, चांगले राहिलेले ४६ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५० टक्के. तेव्हा पहिल्या दिवशीच धरून चालवायची घाई नको. डॉक्टर सांगतील तेव्हा, थोडं थोडं.

आणि यंत्राचं काय? छताला टांगलेला पट्टा आणि खाली सरकती पट्टी, असा उपचार मोठ्या शहरांत दिसतो. २०११ ची लीप्स चाचणी याबद्दलची आहे आणि ती कुणकेश्वरात सांगायलाच हवी. अमेरिकेत ४०८ रुग्णांची विभागणी केली. काहींना दोन महिन्यांनी यंत्रावर चालवलं, काहींना सहा महिन्यांनी, आणि काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम करून घेत होता. ठरलेल्या बैठका छत्तीस, प्रत्येक दीड तासाची. वर्षाअखेर तिन्ही गटांत फरक नाही! ५२ टक्के लोक चालण्यात वरच्या पायरीवर गेले होते. सहा महिने उशिरा सुरू केलेलेही मागे राहिले नाहीत. "आता वेळ गेली" असं कुणी म्हणालं तर हा आकडा लक्षात असू द्या.

इथे कुणीही म्हणेल, मग घरच्यांनीच करून घ्यावं, सून आहे, मुलगा आहे. आपल्याच देशानं हे तपासलं. अटेंड नावाच्या चाचणीत चौदा रुग्णालयांत १२५० रुग्ण होते. घरच्या माणसाला रुग्णालयात शिकवायचं आणि पुढे दोन महिने त्यानं घरी करून घ्यायचं. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले ४७ टक्के. शिकवलेल्या घरांत आणि न शिकवलेल्या घरांत फरक नाही. दोन चाचण्यांची मोजमापं वेगळी होती, त्यामुळे त्या एकमेकींवर ठेवून बघता येत नाहीत. तरी आमचं मत असं की घर ही जागा पुरते, यंत्राशिवायही चालतं, पण शिकलेलं माणूस गाळून चालत नाही. घरातल्या बाईवर आधीच स्वयंपाक, गुरं, मुलं आहेत. तिच्यावर हजार पावलांचा हिशेबही टाकायचा आणि त्याला कुटुंबाचा आधार असं गोड नाव द्यायचं, हे आम्हांला पटत नाही.

म्हणजे घोडं अडलं ते माणसाशी. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय. फिजिओथेरपीसह अशा सगळ्या पेशांना देशपातळीवर नियमात आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला, परळची शाळा निघाल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनी. पण छत्तीस बैठका म्हणजे छत्तीस वेळा जाणं आणि छत्तीस वेळा येणं. ज्याला पायरी उतरता येत नाही त्यानं पाखाडी उतरून एसटी धरायची, ती शिकायला, की पायरी कशी उतरायची. गाडी ठरवली तर भाडं, आणि सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. पोलिओच्या काळात बाळांना डोस द्यायला माणसं घरोघर गेली, होडीनं गेली, डोंगर चढून गेली. तेव्हा रस्त्याची सबब कुणी सांगितली नव्हती.

एक प्रश्न आधीच चिठ्ठीवर आला आहे, की पुळणीच्या वाळूत चालवलं तर चालेल का. सुरुवातीला नको. वाळूत पाऊल जास्त उचलावं लागतं आणि नेमकं तेच येत नसतं, माणूस पडतो. आधी खळ्यात, सारवलेल्या सपाट जागी, बाजूला धरायला बांबूचं कठडं, आणि पावलं मोजायची. मग उंबरठा. मग पाखाडीची एक पायरी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. वाळू सर्वांत शेवटी, तीसुद्धा ओहोटीच्या वेळी, जिथे ती ओली आणि घट्ट असते तिथे. बाकीचे प्रश्न घ्यायला आम्ही थांबलो आहोत, विचारा.