रावळगावची गोळी

आज थोडा इतिहास आणि थोडं घरचं.

२०२४ च्या फेब्रुवारीत पेपरात बातमी होती. रावळगावच्या गोळ्यांची नावं आणि त्या बनवण्याच्या कृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना घेतल्या. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. आमची ही शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "अहो, म्हणजे चवसुद्धा विकली?"

तिने असं का विचारलं, ते सांगायला १९७६ सालात जावं लागेल. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. आमचं टेंभुर्णी औरंगाबाद जिल्ह्यात होतं. लग्न घरच्यांनी ठरवलेलं. मी परगावी मास्तर. शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरी, सोमवारी पहाटे परत. एकत्र कुटुंब, वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची पद्धत नाही. चार महिने झाले तरी आमचं बोलणं "पाणी देऊ का?" आणि "हं" एवढंच!

येताना मी पुतण्यांसाठी रावळगावच्या गोळ्या आणायचो. दोन गुपचूप स्वतःच्या खिशात ठेवायचो. मास्तर झालो तरी सोस सुटला नव्हता. एका रविवारी हिने सदरा धुवायला नेला आणि खिशातली एक गोळी गायब झाली. रात्री विचारलं, तर आधी घाबरली, मग हसली. पेटीतून शाळेतलं एक जुनं पुस्तक काढलं. पानापानांत गोळ्यांचे कागद, नखाने सरळ करून ठेवलेले. तिचे वडील जालन्याच्या बाजारातून आणायचे. मीही लहानपणी असेच कागद जमवले होते. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा पोटभर बोललो.

सिंदिया जहाज कंपनी आणि बंगलोरचा विमान कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच १९३३ साली मालेगावजवळ रावळगावला साखर कारखाना काढला. गोळ्या आल्या नंतर, १९४२ च्या सुमारास. नुसत्या साखरेचा पाक निवताना दाणे धरतो. त्यात ग्लुकोजचा पाक मिसळून चांगला कढवला, की तो काचेसारखा घट्ट आणि नितळ होतो. कारखान्यातल्या गोळीचं गुपित ते.

पण मला वाटतं, खरा फरक वेगळाच होता. आपल्याकडे गोडाला निमित्त लागायचं. पाडव्याला गाठी, संक्रांतीला हलवा, पूजेला बत्तासे. आमच्या पहिल्या संक्रांतीला हिला हलव्याचे दागिने घातले, तेही सगळ्या गावासमोर. एरवी साखर रेशनची, डबा सासूच्या ताब्यात. नव्या सुनेने गोड मागायचं कसं? काही पैशांच्या गोळीला ना सण लागे, ना कुणाची परवानगी. त्या भरल्या घरात आम्हा दोघांचं म्हणून असलेलं ते पहिलं काहीतरी.

असो. "कृती विकली गं," मी म्हटलं. "आपण खाल्लेल्या कशा विकतील?"

आता दोघांनाही मधुमेह आहे. तरी शनिवारी एक गोळी अडकित्त्याने फोडून अर्धी अर्धी खातो. मुलांनो, हे वाचून फोनवर रागावू नका.