आठ वारांचा किल्ट, नऊ वारांचं लुगडं



आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय गणवेशाबद्दल. आठ मार्च जवळ आला किंवा महासंघाची वार्षिक सभा ठरली, की प्रत्येक गटात पहिला वाद साडीच्या रंगाचा होतो. दुसरा वाद किमतीचा. तिसरा प्रश्न मात्र कोणी मोठ्यानं विचारत नाही. गटातल्या ज्या बायका नऊवारी नेसतात, त्यांचं काय? साड्या घाऊक आणायच्या म्हणून सगळ्या पाचवारीच येतात आणि त्या मावशी गुपचूप मागच्या रांगेत बसतात.

हा प्रश्न आपल्याच गटाचा आहे असं समजू नका. सगळ्यांनी सारखं दिसायचं ठरलं, की आपल्या मुलखाचं वस्त्र ठेवायचं की सोडायचं, हा प्रश्न जगभर पडलेला आहे. स्काऊट-गाईड चळवळीत तर तो पहिल्यापासून होता. शाळेत खाकी किंवा निळ्या कपड्यांतली, गळ्यात स्कार्फ बांधलेली मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. त्यांची गोष्ट सांगते, पण आधी स्कॉटलंडला जाऊन येऊ.

स्कॉटलंड म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेला लागून असलेला थंड, सतत पावसाचा मुलूख. तिथल्या डोंगरातले पुरुष पूर्वी लोकरीचं लांबलचक, न शिवलेलं कापड कमरेभोवती चुण्या घालून गुंडाळत. वरून पट्टा बांधत आणि उरलेलं कापड खांद्यावर घेत. दिवसा तेच वस्त्र, रात्री तेच पांघरूण. गुडघ्याखाली पाय उघडे, त्यामुळे ओल्या गवतातून चाललं तरी कापड भिजून पायाला चिकटायचं नाही. पुढे अठराव्या शतकात खांद्यावरचा भाग गेला आणि कमरेचा तेवढा राहिला. तो किल्ट. त्याला खिसा नसतो, म्हणून पुढे चामड्याचा बटवा लटकवतात. आणि पद्धतशीर किल्टला कापड लागतं ८ वार. आपल्या लुगड्यापेक्षा एकच वार कमी!

या वस्त्रानं एकदा तुरुंगही पाहिला आहे. १७४५ साली स्कॉटलंडच्या डोंगरी भागात राजाविरुद्ध उठाव झाला. तो मोडल्यावर १७४६ मध्ये कायदा आला, की डोंगरी लोकांच्या पुरुषांनी आणि मुलांनी हा पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सैन्याला मात्र सूट होती. म्हणजे घरात घातला तर गुन्हा आणि सरकारसाठी लढताना घातला तर शिस्त! हा कायदा १७८२ मध्ये उठला. तोवर एक अख्खी पिढी ते वस्त्र न घालता वाढली होती. अशा डोंगरी पलटणी इंग्रज आपल्याकडेही घेऊन आले. आताच्या जालना जिल्ह्यात १८०३ साली आसईची लढाई झाली, तिथे मराठ्यांसमोर इंग्रजांच्या बाजूनं स्कॉटलंडच्या या पलटणी उभ्या होत्या.

आता स्काऊटकडे येऊ. बेडन-पॉवेल नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १९०७ साली ब्राउनसी नावाच्या बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. श्रीमंतांची मुलं आणि कामगारांची मुलं त्यानं मुद्दाम एकत्र ठेवली. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि चळवळ वाऱ्यासारखी पसरली. गणवेश ठरला: सदरा, अर्धी चड्डी, गळ्यात स्कार्फ, डोक्यावर टोपी. गणवेशामागचा विचार साधा होता. कपडे सारखे असले की कोण कुठल्या घरचा हे दिसत नाही. मुलांना शिकवणाऱ्या मोठ्या माणसांनीही अर्धी चड्डीच घालावी, असा बेडन-पॉवेलचा आग्रह होता. त्याचं म्हणणं, मुलांना जे घालायला सांगता ते आधी स्वतः घाला.

पण स्कॉटलंडमध्ये ही चळवळ गेली तेव्हा तिथली पथकं चड्डीऐवजी किल्ट घालून उभी राहिली. वर तोच सदरा, तोच स्कार्फ, तोच बिल्ला, फक्त कमरेला आपल्या मुलखाचं वस्त्र. ते नियमातही बसवलं गेलं. मुलांना मुभा मिळाली, तशी त्यांना शिकवणाऱ्या स्वयंसेवकांनाही मिळाली. आजही तिथे मोठी माणसं स्काऊटच्या सदऱ्याखाली किल्ट घालून मेळाव्याला येतात आणि कोणी त्यांना मागच्या रांगेत बसवत नाही.

मुलींचं काय झालं? १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. काही मुली कोणी न बोलावता तिथे हजर झाल्या. म्हणाल्या, आम्हीही स्काऊट आहोत. त्यातून १९१० मध्ये गाईड ही मुलींची चळवळ निघाली आणि बेडन-पॉवेलची बहीण अ‍ॅग्नेस हिनं ती उभी केली.

भारतात १९०९ साली बंगळुरूला पहिलं स्काऊट पथक निघालं आणि १९११ साली जबलपूरला गाईडचं पहिलं पथक. पण ही पथकं गोऱ्यांच्या मुलामुलींसाठी होती. आपल्या मुलांना दार बंद. तेव्हा १९१६ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट यांनी भारतीय मुलांची वेगळी स्काऊट संघटना काढली. त्या मुलांच्या डोक्याला हॅटऐवजी फेटा होता आणि तोंडी आपली गाणी होती. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनीही अशीच संघटना उभी केली. दार बंद होतं म्हणून आपल्या लोकांनी स्वतःचं घर बांधलं आणि त्या घरात आपला पोशाख नेला. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. १९५१ मध्ये गाईडची संघटनाही तिच्यात आली.

आज आपल्याकडच्या शाळेत गाईड कॅप्टन असणाऱ्या बाई साडी नेसून किंवा सलवार-कमीज घालून गळ्यात स्कार्फ बांधतात. शीख मुलगा पगडी घालून स्काऊट होतो. हे सगळं नियमात बसतं. म्हणजे गणवेशाचे दोन भाग झाले. स्कार्फ, बिल्ला आणि वचन सगळ्यांचं एक. बाकीच्या कपड्यांत मुलखाला आणि माणसाला थोडी जागा.

मी मुंबईच्या उपनगरात गटांचं काम करते. तुम्हाला वाटेल मुंबईत कुठली नऊवारी. पण अंधेरीजवळ वेसाव्याला जा. तिथल्या कोळणी मावशींचं लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट खोचलेलं असतं. बोटीवरून मासळी उतरवताना पाण्यात उभं राहायचं, तर असंच नेसावं लागतं. बोरिवलीच्या जंगलातल्या आणि आरेच्या पाड्यांवर वारली आज्ज्यांचं लुगडंही गुडघ्यापर्यंतच. चिखलात, गवतात, चढणीवर काम करायचं म्हणून. स्कॉटलंडच्या डोंगऱ्यानं आणि आमच्या वारली आजीनं एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण ओल्या गवतानं दोघांना सारखंच शिकवलं.

याच उपनगरात, विलेपार्ल्याला, १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची मोठी छावणी होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला अशी माणसं ती चालवत. त्याच वर्षी मुंबईत देशसेविकांची पथकं निघाली. केशरी साड्या नेसून या बायका परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या आणि तुरुंगातही गेल्या. कालपर्यंत घराबाहेर न पडलेल्या बायका रस्त्यावर पथक म्हणून ओळखू आल्या, त्या साडीतच. कामाला आणि शिस्तीला साडी आड येते, असं म्हणणाऱ्यांना हे एवढं उत्तर पुरे आहे.

तरीही काय होतं ते सांगते. आमच्या भागातल्या गटातली एक मावशी, साठी ओलांडलेली, शाळेच्या मुलींना पोहायला, गाठी मारायला शिकवते. दोराच्या गाठी तिच्याइतक्या कोणाला येत नाहीत, कारण तिचं आयुष्य जाळी विणण्यात गेलं. एका संचलनात तिला सांगितलं, मावशी, तुम्ही नऊवारीत आहात, पुढे उभ्या राहू नका, फोटोत सारखं दिसत नाही. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात शिकवायला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मुलींच्या गाठी अर्ध्याच राहिल्या. साडीचा रंग जुळला, पण शिकवणारी गेली. हा हिशोब आपण कधी मांडतो का?

स्कॉटलंडच्या पुरुषाला मुभा आहे, कारण त्याच्या लोकांनी ती मागितली, धरून ठेवली आणि नियमाच्या पुस्तकात लिहून घेतली. आपल्या नऊवारीला कोणी कायद्यानं बंदी घातलेली नाही. ती आपल्याच घाऊक खरेदीनं आणि फोटोच्या हौसेनं मागे सरते आहे. जे कायद्यानं गेलं ते स्कॉटलंडमध्ये ३६ वर्षांनी परत आलं. जे लाजेनं जातं, ते परत आणायला कुठला कायदा उठवणार?

तुमच्यापैकी कोणी पुण्याला गेलात, तर येरवड्याच्या बाजूला ‘संगम’ नावाचं केंद्र आहे. जगभरातल्या गाईडांची मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं हे एक आपल्या महाराष्ट्रात आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ते सुरू झालं. देशोदेशींच्या मुली आणि स्वयंसेविका तिथे येतात. नाव किती नेमकं आहे बघा. संगमावर दोन नद्या मिळतात, तेव्हा काही अंतर दोन्हींच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो. म्हणून कोणी त्याला संगम नाही असं म्हणत नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गटाची साडी ठरवताना बैठकीत तीन प्रश्न विचारा. एक, हे नेसून आपल्याला काम करता येईल का? चालायला, चढायला, वाकायला? दोन, गटातल्या सगळ्यात गरीब बाईला हा खर्च परवडेल का? तीन, यामुळे कोणी मागच्या रांगेत जाईल का? तिसऱ्याचं उत्तर हो आलं, तर सोपा मार्ग आहे. रंग एक ठेवा आणि नेसण पाचवारी की नऊवारी, हे ज्या त्या बाईवर सोडा. नऊवारीला कापड जास्त लागतं, तर वरचा खर्च गटानं सोसावा. तेही जमत नसेल, तर एका रंगाचा स्कार्फ किंवा बिल्ला घ्या. तो सगळ्यांत स्वस्त, आणि कुठल्याही साडीवर चालतो.

जे ठरेल ते ठराव म्हणून गटाच्या वहीत लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घ्या. तोंडी दिलेली मुभा पुढच्या सभेला विसरते, वहीत लिहिलेली टिकते. आणि एखादी मावशी हल्ली गटाला येत नसेल, तर तिच्या दारी जाऊन विचारा, का येत नाही म्हणून. कदाचित कारण कर्जाचं नसेल, कपड्याचं असेल.